दिनकरची बहीण आणि माझं उत्तर

मित्रांनो, मेसच्या दारावर हे मुद्दाम चिकटवतोय. वाचा, आणि वाटलं तर मला शिव्या द्या.

परवा धर्माच्या तत्त्वज्ञानाचा पेपर. आज दुपारी मी आणि विलास खोलीत 'देव दयाळू असेल तर जगात दुःख का?' हा प्रश्न घोटत होतो. विलास म्हणाला, "उदाहरण जवळचं घाल की. तपासणारा खूश हुतोय. आपल्या दिनकरची भण विहिरीत बुडाली न्हवं, तेच घाल."

मी घातलं. 'सहा वर्षांची मुलगी.' खाली ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'अशा दुःखातूनच आत्मा घडतो.'

तासाभरात आमच्याच खोलीतला दिनकर बहिणीचं दिवसकार्य उरकून गारगोटीहून, घरून, परत आला, पंधरा दिवसांनी. राहिलेला अभ्यास उतरवायला त्यानं माझीच वही उचलली. मला अडवता आलं नाही.

त्या पानावर तो थांबला. "सहा न्हाय, सात वर्साची हुती," एवढंच म्हणाला.

मी पान फाडायला हात घातला. त्यानं वही सरकवून घेतली. "ऱ्हाऊ दे. उत्तर बरोबर हाय न्हवं?" आणि तो उतरवायला लागला.

विलास खिडकीबाहेर बघत बसला. मला माझ्याच अक्षराची किळस आली, अजून येतेय.

परवा तो प्रश्न आला तर दिनकर तेच उत्तर लिहील. आज त्याच्यासमोर बसून मी जेवायचं कसं, सांगा?