नदीम मनियार गाणं ऐकायला निघाला

तर काल आपण पाण्याच्या टाकीपाशी थांबलो होतो. नदीम वर, कठड्याला धरून, आणि खाली बाजारातल्या बाया माना उंच करून उभ्या.

काल जे नव्हते त्यांना थोडक्यात सांगतो. नदीम म्हणजे चामोर्शीच्या मुश्ताकभाऊ मनियारांचा धाकटा. मोटारसायकलच्या मागं बांगड्यांची पेटी बांधायची आणि आज हा बाजार, उद्या तो, अशी त्याची फिरती. नाद एकच, गाण्यांचा. सिनेमातली गाणी नाहीत हो. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीतली पोरंपोरी स्वतःच लिहितात, स्वतःच चाल लावतात, कुणाच्या तरी गोठ्याला गाद्या लावून तिथं रेकॉर्ड करतात आणि यूट्यूबवर टाकतात, ती गाणी. कुणाचं नवं गाणं कधी येणार, कोण कोणत्या गावात लोकांसमोर उभं राहणार, सारं याला पाठ. त्या दिवशी ‘बांबू डेपो’ या बँडचं नवं गाणं येणार होतं आणि बाजार भरला होता जंगलातल्या गावात. तिथं मोबाईल म्हणजे नुसतं घड्याळ. म्हणून हा टाकीवर.

कोतवाल धावत आला. टाकीवर माणूस चढतो तो मागणीसाठीच, असं त्याचं पक्कं.

“उतर बापा, उतर! साहेबाले बोलावतो. तुही मागणी काय आहे ते त सांग!”

“रेंज!” नदीम वरून ओरडला.

झालं. खालच्या गर्दीला वाटलं, हा आपल्यासाठीच चढला. “बराबर आहे! आमची बी तेच मागणी आहे!” घोषणा सुरू झाल्या. सरपंचबाई हातातली भाजीची पिशवी तशीच घेऊन आल्या. एक जण निवेदन लिहायला बसला. आणि मागणी मंजूर व्हायच्या आतच आंदोलक हसत हसत खाली उतरला, कारण गाणं ऐकून झालं होतं. “ढोल मस्त वाजवला यावेळी,” असं कोतवालाला सांगून पुन्हा पेटीपाशी जाऊन बसला.

असा हा माणूस. त्याच्या पायाला भिंगरी आहे. चहा पितो तो उभ्यानं. बसला तर गुडघा हालतो. माझ्याशी बोलताना एक डोळा माझ्याकडे, एक मोबाईलकडे. इतर मनियार, म्हणजे बांगडीवाले, बाजार निवडतात गिऱ्हाईक पाहून, हा निवडतो कार्यक्रम पाहून. एकदा भद्रावतीला फॅक्टरीच्या कॉलनीतल्या पोरांच्या बँडचा कार्यक्रम होता, तर हा पेटी घेऊन थेट तिकडे. त्या पोरांनी सगळी गाणी इंग्रजीत म्हटली. परत आल्यावर मी विचारलं, “काय समजलं रे?”

“समजलं काई नाई, आबाजी. पण पोटात धडधड झाली ना!”

मुश्ताकभाऊ कपाळाला हात लावून बसले होते. म्हणाले, “याले मी बांगड्या विकाले धाडतो अन् हा पोट धडधडवून येते.”

पण इतक्या सगळ्यांत त्याचा जीव अडकलेला तो बांबू डेपोत. वनखात्याच्या जुन्या बांबू डेपोच्या शेडमध्ये ही पोरं सराव करायची, म्हणून हे नाव. चैतू ढोल वाजवतो, एक जण गिटार, आणि गाते ती बुधरी. बारीक अंगाची पोरगी, बोलते हळू. पण गायला लागली की आवाज नदीच्या पल्याड जातो. अर्धं गाणं गोंडीत, अर्धं आपल्या झाडीबोलीत. तिच्या प्रत्येक गाण्याखाली पहिलं लिहिणं नदीमचं असायचं. तीही त्याला ओळखायची, ‘मनियारभाऊ’ म्हणायची.

यंदा दिवाळीनंतर बातमी आली की बुधरीची पोलीस भरतीत निवड झाली. आनंदच झाला सगळ्यांना, नदीमलाही झाला. पण तो आनंद करता करता त्याच्या लक्षात आलं की पोरगी आता ट्रेनिंगला जाणार, म्हणजे डेपो बंद. जाण्याआधी शेवटचा कार्यक्रम आमच्या गावच्या मंडईत ठरला. मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा. लेकी-जावई येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, सोयरिकी जुळतात. रात्री त्याच मंडपात नाटक, म्हणून बांबू डेपोला दुपारचा वेळ दिलेला. आणि बुधरीनं मोबाईलवर जाहीर केलं: या दिवशी एक नवं गाणं गाणार, पण ते कुठंही टाकणार नाही, कुणी रेकॉर्डही करायचं नाही. ज्याला ऐकायचं त्यानं समोर यावं.

आता सांगा, नदीमला झोप कशी यावी? रोज मला फोन. “आबाजी, मंडप कोणत्या तोंडानं आहे? समोर जागा धरजा बरं माह्यासाठी. टॉवेल टाकून ठेवजा.”

“अरे, टॉवेल गाईनं खाल्ला त?”

“त तुमीच बसून राहजा दोन माणसाएवढे पाय पसरून!”

आणि नेमकं त्याच दिवशी सकाळी चामोर्शीत लग्नघरी चुडा भरायचं काम निघालं. नवरी म्हणजे आमच्या सुनेची, नीलिमाची, मामेबहीण. त्या घरच्या लेकींचे हात मुश्ताकभाऊंच्या बापापासून यांच्याच हातानं भरलेले. मुश्ताकभाऊंचं मनगट दुखावलेलं होतं. म्हणाले, “तू जा. नवरीचा हात भर, घरच्या चार बायांचे भर, अन् दुपारी मर जाऊन तुह्या मंडईत.”

नदीमनं हिशेब केला, जमते. निघाला.

पुढचं मला नीलिमानं सांगितलं, ती तिथंच होती. आपल्याकडे रीत कशी आहे, लग्नघरी मनियार एकदा चटईवर बसला की अंगणात आलेल्या कोणत्याही बाईला मोकळ्या हातानं जाऊ देत नाहीत. बांगड्या नवरीच्या बापाच्या, हात आल्यागेल्या प्रत्येकीचा. आणि समोर पुढं केलेला हात टाळून मनियार उठला, तर ते नवरीला चांगलं नाही म्हणतात. नदीमला हे काय नवीन होतं? आईच्या दुधासोबत प्यालेला आहे तो हे. म्हणून तर त्याचा मनसुबा होता की गुपचूप जायचं, झटकन भरायचं आणि निघायचं.

पण गुपचूप बसेल तो नदीम कसला! नवरीचा हिरवा चुडा भरला, तिच्या आईचा हात घेतला, आणि याला राहवेना. खिशातला लहानसा स्पीकर काढला, पेटीवर ठेवला आणि बांबू डेपो लावलं.

“ऐका वहिनी, हे पोट्टी आज मंडईत गाणार आहे. सगळ्या जणी चला दुपारी.”

ढोल वाजायला लागला तशी शेजारची डोकावली. मग तिची जाऊ. “कोन्तं गाणं हो हे?” याची कळी खुलली. हे मागच्या पावसाळ्यातलं, हे त्याच्या आधीचं, यात चैतूनं ढोलावर काठी नाही, हात वापरला, असं एकेक सांगत सुटला. बाया म्हणाल्या, “ते दुसरं लावा ना, नदीमभाऊ.” यानं दुसरं लावलं. पलीकडच्या आळीतल्या आल्या. मग विहिरीकडच्या. आणि आल्या त्या सगळ्या हात पुढं करून बसल्या.

नदीमनं मान वर केली तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती.

“अल्ला!” एवढंच म्हणाला आणि स्पीकर बंद केला.

“बंद काऊन केला?” बाया ओरडल्या.

“अजून आळ्या उरल्या का गावात, त्या बी यायच्या आहेत का?”

नीलिमा सांगत होती, हसून हसून पोट दुखलं, पण त्याचा चेहरा पाहून वाईटही वाटलं. बसल्या जागी नुसता तडफडत होता. गुडघा असा हाले की पेटीतल्या बांगड्या किणकिणायच्या. घाईघाईत बांगडी चढवायला जाई आणि ती हातातच वाढे, फुटून जाई. पुन्हा नवी काढे. शेवटी उरली बायनाबाई, त्या घराची सगळ्यात जुनी म्हातारी. धान कापून कापून बोटांची पेरं गाठाळलेली, बांगडी चढता चढेना.

“बाई, तुमाले मी उद्या घरी येऊन भरतो. चांगल्या मोठ्या घेऊन येतो,” नदीम काकुळतीनं म्हणाला.

“उद्या मी राहीन का नाई, कोनाले ठाऊक? भर.”

“मोकळ्या हातानं बी चांगलेच दिसता तुमी.”

“माह्या नवऱ्यानं कधी सांगतलं नाई असं. भर म्हनतो ना तुले!”

साबणाचं पाणी आलं. भरत बसला बिचारा.

इकडे मंडईत मी पाय पसरून बसलेलो. तीन वेळा भांडण झालं माझं त्या जागेवरून. भजीवाल्या लच्छूनं टोमणा मारला, “आबाजी, जावई येऊन राह्यला का?” बुधरी माईकपाशी आली, गर्दीवरून नजर फिरवली आणि मला ओळखून म्हणाली, “आबाजी, मनियारभाऊ नाई दिसत?”

“येते, येते. बांगड्या भरून राह्यला.”

मग त्या पोरीनं काय करावं? नवं गाणं मागं ठेवलं आणि आधी जुनी म्हटली. एक झालं, दुसरं झालं. मी फोन लावला तर नदीमचा नुसता श्वास ऐकू येई आणि मागं बायनाबाईचं “हळू रे मेल्या!” तिसरं जुनं गाणंही झालं. नाटक कंपनीचा मॅनेजर पडदे घेऊन उभा, सारखा घड्याळ दाखवतो. चैतूनं तिच्याकडं पाहिलं, तिनं रस्त्याकडं पाहिलं. रस्त्यावर एक बैलगाडी, आणखी काही नाही.

“मोबाईल खिशात ठेवा,” ती म्हणाली आणि गायला लागली.

काय होतं त्या गाण्यात? संध्याकाळी ती घरच्या शेळ्या-कोंबड्यांना हाका मारते, तेवढंच. प्रत्येकीची हाक वेगळी. मी गेल्यावर तुम्हाला कोण बोलावणार, आईला ही हाक येत नाही, बापाची तुम्ही ऐकत नाही. आधी सारे हसले. लहान पोरं तिच्यासोबत हाका मारायला लागली. मग चैतूनं ढोल थांबवला आणि ती नुसत्याच हाका मारत राहिली, हळूहळू, लांबून बोलावल्यासारख्या. लच्छूची कढई जळत होती, त्याला पत्ता नाही. माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडं माझा हात आपोआप गेला, सांगायला की ऐक रे, ऐक. तिथं नुसता टॉवेल.

गाणं संपलं. पडदे चढायला लागले. आणि धुरळा उडवत नदीम आला. पेटी नीट बांधलेली नाही, सदऱ्याला साबण.

“झालं?”

“झालं रे बापा,” मी म्हणालो.

मी त्याला चार वर्षांपासून पाहतोय, पण त्याचा गुडघा थांबलेला कधी पाहिला नव्हता. क्षणभरच हो. मग एकदम पेटला.

“कसं होतं? सांगा ना. सुरुवात कशी केली?”

आता मला काय गाता येतं? मी शेळीची हाक मारून दाखवली. लच्छू म्हणाला, “तसं नव्हतं, आबाजी, तुमी त रेड्याले बोलावून राह्यले,” आणि त्यानं आपली मारली. फुगेवाली म्हणाली, ती कोंबडीची होती. साऱ्या मंडईत एकेकाला धरून नदीम विचारत फिरला आणि जो तो त्याच्यासमोर तोंड वर करून ट्रुर्र ट्रुर्र, आव आव करायला लागला. बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटलं, गावाला काहीतरी झालं. नदीम प्रत्येकाचं कान देऊन ऐकायचा, मान हलवायचा, “नाई, असं नसन,” म्हणायचा आणि पुढच्याकडं.

शेवटी मीच त्याचा दंड धरला. “अरे, जिनं गायलं ते पोरगी तिकडे गाडीत ढोल ठेवून राह्यली. तिले विचार ना!”

गेला. मी मागोमाग. बुधरीनं त्याला पाहिलं आणि ढोल खाली ठेवला.

“मनियारभाऊ, तीन गाणे थांबलो तुमच्यासाठी.”

“आबाजीनं सांगतलं.” हा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभा. “बायनाबाईचे हात लई कडक निघाले.”

ती हसली. मग जरा विचार करून म्हणाली, “कोनाले देणार नव्हती, पण तुमाले देतो. आज घरी गेल्यावर रेकॉर्ड करतो अन् फक्त तुमच्या नंबरावर पाठवतो. चालते?”

नदीमनं मोबाईल खिशातून काढला, पाहिला, पुन्हा खिशात घातला. गाडीवाला हॉर्न वाजवत होता. मला वाटलं, आता हा उडीच मारणार. पण तो म्हणाला, “नको बाई, रेकॉर्ड नको करू. साऱ्या मंडईनं समोर बसून ऐकलं, अन् मीच काऊन कानात वायर खुपसून ऐकू? पहिली सुट्टी भेटली का कोनत्याबी गावात उभी राय अन् गा, मी पोहचतो. अन् तेव्हा बी नाई पोहचलो, त मंग पाठवजो.”