लोडरची चिठ्ठी

“म्हणजे माझा लोडर नको, असंच ना सुभेदार? सरळ बोला की!”

“नको कुठं म्हणालो, आक्का? नेटवर रेडीमेड लोडर लय चांगले मिळत्यात. मी आता बेंगळुरात लेकीकडं जाणार. तिकडं काय अडलं तर तुमाला कुठं त्रास देऊ?”

“त्रास? मला?”

हे भांडण राहू द्या जरा चालू. आमच्या गटाचे किस्से असेच साठलेत. एक सांगायला घ्यावा तर दुसरा आडवा येतो. पूर्वी ऐकायला माणसं होती. आता नाहीत, म्हणून लिहिते.

मिरजेत माझ्या घरी दर रविवारी आम्ही चौघं जमायचो, स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम लिहायला! कॉम्प्युटर चालू केला की आधी एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो, तो लोडर. तो माझा. तो मोठ्या प्रोग्रॅमला, म्हणजे कर्नेलला, मेमरीत आणून बसवतो आणि हातात चिठ्ठी देतो: मेमरी इथून इथपर्यंत, स्क्रीन अमुक ठिकाणी. पुढचा कारभार कर्नेलचा.

कर्नेल सुभेदारांचा. फौजेत सिग्नलला होते, आता कुंडलला ऊस. स्क्रीनवरचं चित्र सलमाचं. तिच्या घरी तानपुरे बनतात. कीबोर्ड आटपाडीच्या देशमुख सरांचा. आणि मी दवाखान्यात केसपेपर काढता काढता, डिक्शनरी मांडीवर घेऊन शिकले. कुणी शिकवलं नाही, त्यामुळं कुणाचं ऐकून घ्यायची सवयही नाही.

*

सुरुवातीला सुभेदारांना चिठ्ठीच पटेना. मेमरी किती, स्क्रीन कुठं, ही माहिती असते बायोसकडं, म्हणजे मशीनमध्ये कंपनीनंच बसवून दिलेल्या प्रोग्रॅमकडं. “माझा कर्नेल उठंल आणि बायोसला सोता विचारंल की!”

म्हटलं, “तुमचा कर्नेल उठला की बायोस त्याला ओ देत नाही. काय विचारायचं ते आधी मीच विचारून ठेवायचं.”

सुभेदारांनी मांडीवर थाप मारली. “आवं, म्हंजे गार्ड बदली! जुना संतरी नव्याला समदं सांगतो आणि जातो.”

“कुठं जातो?” सरांनी काळजीनं विचारलं.

“झोपायला, सर! आणि कुठं?”

*

चिठ्ठीत स्क्रीनची आधी रुंदी, मग उंची, हे चहा पिता पिता तोंडीच ठरलेलं. सलमानं उलट धरलं. तिनं हौसेनं काढलेला तानपुरा स्क्रीनवर आला तो तिरप्या चिंध्या होऊन!

सरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. “कोयनेला हादरा बसला काय गं?”

सलमा म्हणाली, “न्हाई सर, फक्त माझ्या अब्रूला!”

*

माझा मुलगा परदेशात. फोनवर म्हणाला, “आई, हे सगळं तयार मिळतं. कशाला डोळे फोडतेस?”

म्हटलं, “तुलाही तयारच आणायला हवा होता. जागरणं तरी वाचली असती!”

खूप हसला. मग मीटिंग आहे म्हणाला.

*

सगळ्यात मोठा घोळ पुढं. लोडरचं काम संपलं की कर्नेल त्याची जागा पुसून वापरायला घेतो. रीतच आहे ती. पण माझी चिठ्ठीही त्याच जागेत! सुभेदारांच्या कर्नेलनं आधी सगळं पुसून चकाचक केलं आणि मग चिठ्ठी शोधायला लागला. स्क्रीन काळा ठिक्कर. दुपारभर माझ्या लोडरचा उद्धार चालला होता.

चूक सापडल्यावर सुभेदार काय म्हणावेत? “आक्का, फौजेत बराक ताब्यात आली की पयला झाडू!”

*

सलमाला पुण्यात नोकरी लागली. सरांचे गुडघे गेले, एसटीची पायरी चढवेना. काही रविवार ते व्हिडिओ कॉलवर दिसले. मग नुसता त्यांच्या घराचा पंखा दिसायचा, मग तोही नाही.

माझा लोडर सुरू होताना रोमन अक्षरांत ‘उठ रं गड्या’ असं लिहितो. सोमवार ते शनिवार या घरात मला कुणी काही म्हणत असेल, तर तेवढंच! तेही मीच लिहिलेलं.

*

तर, ते भांडण.

सुभेदार दारापर्यंत गेले होते. उंबऱ्यातून वळून मला समजावल्यासारखं म्हणाले, “तसं बी आक्का, कर्नेल चालू झाला की लोडर पुसूनच टाकायचा असतोय. मग त्यो तुमचा काय आणि रेडीमेड काय?”

माझ्या हातात पेनड्राइव्ह होता, मी लिहिलेल्या नव्या लोडरचा. त्यांना द्यायला सकाळपासून टेबलावर काढून ठेवलेला. त्यांनी चपला पायांत सरकवल्या होत्या. त्या परत काढल्या, त्या माझ्या एका वाक्यावर:

“पुसा सुभेदार, खुशाल पुसा; पण या वेळी आधी वाचा!”