कुफरीच्या दारातली रांगोळी

कॉटनपेटच्या गल्लीत कुणाच्या घरी काय चाललंय, हे सकवारबाईंना विचारावं लागत नसे. सकाळी एक फेरी मारायची आणि दारापुढच्या रांगोळ्या बघायच्या. घाईघाईने चार ठिपके टाकलेले असले तर सासूसुनेचं वाजलंय. कावेची लाल किनार असली तर पाहुणे आलेत. आणि दारापुढची जागा कोरी असली, तर सकवारबाई पदर सारखा करून तिथूनच मागे फिरत नि घरी येऊन हळूच म्हणत, त्यांच्यातलं कुणीतरी गेलं. बंगळुरात हे वाचन त्यांचं कधी चुकलं नव्हतं. ते चुकलं कुफरीला.

कुफरीला त्यांची लेक होती, मथुरा. सकवारबाईंनी तिला दिली होती आपल्याच भावाच्या मुलाला, व्यंकोजीला. मुलगा घरातला, गल्ली तीच, पोर डोळ्यांपुढे राहील असा बेत. पण व्यंकोजी मिलिटरीत सुतार म्हणून गेला, आणि तिथून सुटल्यावर घरी यायचं सोडून सिमल्यापुढच्या त्या डोंगरावर एका स्वस्त लॉजमध्ये कामाला राहिला. ज्यांना काश्मीर परवडत नाही अशी मंडळी हिवाळ्यात तिथे येतात, पायांना लाकडी फळ्या बांधून बर्फावरून घसरतात, आणि त्या मोडलेल्या फळ्या आपण दुरुस्त करतो, असं त्याने कळवलं होतं. पडायला माणसं रेल्वेचं तिकीट का काढतात, हे सकवारबाईंना काही केल्या उमगेना.

अठ्ठावन्न सालच्या हिवाळ्यात मथुरेला सहावा लागला. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. सकवारबाईंच्या नवऱ्याला दुकान सोडवेना, म्हणून त्या भावाला घेऊन तिला आणायला निघाल्या. भाऊ म्हणजे विठोजी, व्यंकोजीचे वडील. कानटोपी त्यांनी गुंटकल स्टेशनावरच चढवली होती, आणि घामाघूम झाले तरी काढली नव्हती.

बसमधून उतरल्या आणि सकवारबाईंना वाटलं, पडदा वर गेलाय पण मागे देखावा लावायलाच विसरलेत. सगळं पांढरं. रस्ता कुठला, शेत कुठलं, काही कळेना. लॉजच्या मागचं व्यंकोजीचं घर एकाने हात करून दाखवलं. दोघं धडपडत दारापाशी पोचले, आणि सकवारबाई थबकल्या.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "दारात रांगोळी नाही."

विठोजीही कॉटनपेटचेच. त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. गेलं असेल तर कोण, त्यांचा मुलगा की सकवारबाईंची मुलगी? कडी वाजवायचा धीर दोघांपैकी कुणालाच होईना. सकवारबाई होत्या तिथेच बर्फात खाली बसल्या, आणि विठोजीही शेजारी टेकले. मागून कुणीतरी फळ्यांवरून हसत हसत घसरत गेलं.

दार उघडलं. मथुरा उभी होती, पोट पुढे आलेलं, हातात पितळी. सकवारबाईंनी आधी तिचं कपाळ बघितलं. कुंकू होतं.

"व्यंकू कुठाय?"

"मागे फळ्या घासतोय. आई, तुम्ही बर्फात का बसलाय?"

"रांगोळी का घातली नाहीस?"

"घातली की सकाळी," मथुरा म्हणाली. "तिच्यावरच बसलाय तुम्ही दोघं."

पुढचे दिवस सकवारबाई पहाटे उठून स्वतः रांगोळी घालत. पांढऱ्यावर पांढरी. चूल पेटेपर्यंत वरून नवा बर्फ. न दिसणारी रांगोळी घातली म्हणायची की नाही, हे त्यांनी विठोजींना विचारलं. देवाला दिसत असेल, असं ते पांघरुणातून म्हणाले. मी देवासाठी कुठे घालते, शेजाऱ्यांना कळावं म्हणून घालते, असं म्हणून सकवारबाई आणखीच गोंधळल्या. ज्या दारावरून आतलं बरंवाईट कळत नाही, त्या दारामागे लेक ठेवायची कशी?

परतीच्या गाडीत त्यांनी मथुरेला सांगून टाकलं, बाळ झालं की तू इकडे यायचं नाहीस. मथुरा खिडकीबाहेर बघत "सरी, बरं, बघू" एवढंच म्हणाली.

बाळ झालं, मुलगी. ती तीन महिन्यांची झाल्यावर मथुरा ट्रंक भरायला बसली. सकवारबाई म्हणाल्या, मीही येते, अण्णालाही घेते. पुन्हा दार कोरं दिसलं, तर त्याच बसने दोघींना परत आणीन.

अंगावर दोन स्वेटर, त्यावर शाल, बाळ गोधडीत गुंडाळलेलं. बस थांबली आणि सकवारबाई जागच्या हलेनात. हे ते गाव नव्हे, असं त्या कंडक्टरला मराठीत सांगू लागल्या. बाहेर सगळं हिरवंगार होतं. लोक घसरत होते त्या उतारावर बटाटे लावलेले. तिथेच प्रवाशांना फिरवणारी घोडी चरत होती.

"ते गाव कुठे गेलं गं?"

"हेच ते, आई," मथुरा म्हणाली. विठोजी शांतपणे कानटोपी काढून घाम पुसत होते.

घराला चक्क पायऱ्या होत्या. हिवाळ्यात त्या नव्हत्याच. आणि पायऱ्यांखाली रांगोळी होती. सुताराची दोरी ताणून सूत मारलेल्या रेघा, सगळ्या सरळ, वळण एकही नाही. सकवारबाई वाकून बघत राहिल्या. सण नव्हता, भांडण नव्हतं, पाहुणे नव्हते. अशी रांगोळी त्यांनी आयुष्यात वाचली नव्हती.

व्यंकोजी ओशाळून पुढे आला. "आत्या, मथुरा गेल्यापासून रोज घालतो. तुम्ही त्या दिवशी खाली बसलात ते डोक्यातून जाईना."

"आणि हिवाळ्यात रे?"

त्याने दाराकडे बोट केलं. दाराच्या फळीवरच लाल रेघा होत्या. "इथे बर्फ टिकत नाही. तुम्ही ठेवून गेलेली काव आहे."

उभ्या दारावर घातलेली ती रांगोळी झाली का, हे सकवारबाईंना ठरवता येईना. भावाकडे पाहिलं, तर ते नातीला घोडी दाखवत होते. शेवटी त्यांनी ट्रंकेतली कावेची नवी पुडी काढून जावयाच्या हातात दिली. "भिजवताना स्वल्प डिंक घाल. रेघा पुसट झाल्यात." मग शाल सोडली आणि स्वयंपाकघर कुठे ते विचारलं. परतीच्या बसचं नाव काढलं नाही.

बंगळूरला आल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी सडा घातला, नेहमीसारखी रांगोळी काढली. तिच्याकडे बघत जरा वेळ उभ्या राहिल्या. मग काव भिजवून दाराच्या फळीवर एक सरळ रेघ ओढली, तिच्याखाली दुसरी.

त्या दिवशी गल्लीतल्या बायका त्या दारावरून पुन्हा पुन्हा गेल्या. सकवारबाईंच्या घरात नक्की काय झालंय, ते कुणालाच वाचता आलं नाही.