खाज्याची टोपली आणि सोन्याचा संशय

ते प्रकरण आजही आठवतं, कारण कागदावर ते निकालात निघालं, माझ्या डोक्यात मात्र नाही.

गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे होता आणि मी हद्दीजवळच्या चौकीत फौजदार. चोरटं सोनं पकडणं हे आमचं रोजचं काम. एकदा खबऱ्या म्हणाला, "सायबानू, मालवणचो मोठो लाकूडवालो दर जत्रेक फाटको सदरो घालून, डोक्यार टोपली घेवन हकडे येता." ज्याच्या दारात मोटार, तो टोपली कशाला वाहील? मी त्याला भर जत्रेतून उचलला.

टोपलीत निघाला खाजा, जत्रेत विकतात तो गोड खाऊ. हवालदाराने गूळ-आल्याची एकेक कांडी मोडून पाहिली. सोनं काही मिळालं नाही, चौकीभर मुंग्या मात्र झाल्या.

मग चौकशी सुरू केली. दमात घेतलं, चहा पाजला, गडी ढिम्म. अट्टल गुन्हेगार बडबड करतो, असा माझा अनुभव. हा गप्प का? शेवटी तोंड उघडलं ते असं: "सोन्याच्या संशयान धरलो म्हणान लिवा. खाजाचा नाव नको." मी चक्रावलोच.

तेवढ्यात जत्रेतली एक म्हातारी खाजेवाली तरातरा चौकीत शिरली. "ह्येका कित्याक धरलात? पोर असल्यापासून ह्यो माझ्या बाजूक बसान खाजा इकी. मोठो झालो तरी देवीक नवस बोललेलो, खाजा इकूचो एक दिवस चुकवणा नाय!"

लाकूडवाल्याने हात जोडले. "चेडवाचा लगीन ठरला हा, सायबानू. मोठा घराणा. जत्रेत खाजा इकणाऱ्याचा चेडू ते करतले काय?"

"आणि सोन्याच्या चोराची करतील?" मी ओरडलो.

डायरीत मी लिहिलं, 'संशयावरून ताब्यात घेतले, आक्षेपार्ह काही आढळले नाही', आणि त्याला सोडला. पण सोन्याच्या संशयावरून धरल्याची बातमी मालवणात पोचलीच. त्याच्या बिचाऱ्या मुलीचं लग्न मोडणार, या धास्तीने मला घास गोड लागेना.

लग्न थाटात झालं. मलाही आमंत्रण होतं. पंगतीत नवरदेवाचे वडील शेजारी येऊन बसले. "सोन्याच्या प्रकरणात धरला आणि दिवस मावळायच्या आत सुटला! आमचे व्याही वजनदार आहेत हो." असं म्हणून त्यांनी मला डोळा मारला. जणू मीही त्यातला वाटेकरी.

माणूस गुन्हा लपवतो, हे मी शिकून आलो होतो. कष्ट लपवण्यासाठी तो चोर म्हणवून घेतो आणि जग त्याला मान देतं, हे त्या पंगतीत कळलं. खरं काय ते ओठांवर आलं होतं. मांडवात नवी नवरी हसत होती. मी मान खाली घातली आणि जेवत राहिलो.