ओरिनबायचे चार किलो

बाल्काशहून अल्माटीकडे निघालं, की धुरावलेली मासळी विकणाऱ्या बायकांची रांग संपते तिथं ओरिनबायचं पंक्चरचं दुकान आहे. चौसष्ट वर्षांचा हा दांडगा माणूस ट्रकचं चाक जेवणाचं ताट उचलावं तसं उचलतो. जेवणाची वेळ मात्र तो चुकवत नाही. बाहेर सात ट्रक खोळंबलेले असोत, बारा वाजले की हातातला पाना खाली. खिशात तळलेल्या पिठाचे दोन गोळे, बाउर्साक, कायम असतात.

"उपास माणसाला खातो," तो म्हणतो. "मला एकदा खाल्लंय त्यानं."

नवखा ड्रायव्हर हमखास आदरानं विचारतो, "आगा, तेमिरखानशी तुम्हीच ना लढला होता?"

"मी? छे! मी त्या दिवशी हमामात वितळून गटारात वाहून गेलो होतो. जो लढला तो दुसराच कुणीतरी. चार किलोंनी कमी."

ड्रायव्हर हसतो. ओरिनबाय हसत नाही.

घडलं होतं ते असं. चाळीस वर्षांपूर्वी तो बॉक्सिंगमध्ये पंचाहत्तर किलोंत लढायचा. अडतीस लढती झाल्या होत्या, हार एकही नाही. त्याच वर्षी मॉस्कोच्या विजेत्याला त्यानं दुसऱ्या फेरीत लोळवलं होतं. त्याच्या संघाला एकाहत्तर किलोंत माणूस नव्हता. वरून हुकूम आला: ओरिनबायला खाली उतरवा. नऊ दिवसांत चार किलो. तीन स्वेटर घालून धावणं, वाफेत बसणं, तोंडात पाण्याचा घोट फिरवून थुंकणं. शेवटच्या रात्री नवी नवरी काम्का त्याच्या पोटऱ्यांतले गोळे पहाटेपर्यंत चोळत होती. सकाळी तेमिरखान समोर आला आणि दुसऱ्या फेरीत ओरिनबाय जमिनीवर. तेमिरखान पुढं जगभर गेला. ओरिनबायला नंतर कुणी बोलावलंच नाही.

पण चार किलोंची ती गोष्ट काम्कानं जिवंत ठेवली. बाजारात, लग्नात, दवाखान्याच्या रांगेत. "माझ्या नवऱ्याला तेमिरखाननं नाही हरवलं, तराजूनं हरवलं!" एकदा तर मासळीवालीशी तिची यावरून झोंबाझोंबी झाली होती.

तेमिरखान गेला त्याला वर्ष झालं. त्याची बायको राउशान स्वतः दुकानावर आली. ओरिनबायला ती मानानं ओरेके म्हणायची.

"ओरेके, वर्षाचं जेवण ठेवलंय. मानाचं मेंढीचं डोकं तुमच्यापुढं येणार. मुलांनी ठरवलंय. ह्यांचे परदेशातले प्रतिस्पर्धी काही येणार नाहीत. आमच्यासाठी तुम्हीच मोठे."

ती गेल्यावर काम्का कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "म्हाताऱ्या, आता बोलायचं."

"मेलेल्या माणसाच्या जेवणात?"

"मग कधी? तू मेल्यावर? तीनशे माणसं असतील. किम आगा असतील, त्यांनीच तुला तराजूवर चढवलं होतं. ते अजून जिवंत आहेत, जीभ जाग्यावर आहे. पुढच्या वर्षी असतील का?"

ग्रिगोरी किम, ओरिनबायचे जुने कोरियन प्रशिक्षक, शहाऐंशी वर्षांचे होते. माणसाचं मनगट बघून तो किती फेऱ्या टिकेल ते सांगायचे, आणि त्यांचं चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ओरिनबायनं मान डोलावली. त्याला बाकी काही नको होतं. एकदा, सगळ्यांसमोर, खरं बोललं जायला हवं होतं.

जेवणाच्या दिवशी तेमिरखानच्या गावाबाहेर तंबू उभे राहिले. सकाळी घोड्यांची शर्यत झाली, दुपारी माणसं जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानाभोवती बसली. ओरिनबायला थेट मानाच्या जागी, दाराच्या समोर बसवलं. एका बाजूला किम, दुसऱ्या बाजूला काम्का. पलीकडं सेर्झान मास्तर होता, शाळेत कसरत शिकवून निवृत्त झालेला. तेमिरखानच्या लढतींचा हिशेब त्याच्याइतका कुणाला पाठ नव्हता.

"मी सांगतो, मोठे विजय कुठले," मास्तर चहाचा वाडगा आपटून म्हणाला. "क्यूबावाला? तो आदल्या दिवशी विमानातून उतरलेला. झोपेत हरला."

"आणि जर्मन?" कुणीतरी टोकलं.

"पहिल्याच फेरीत भुवई फाटली. एका डोळ्यानं लढत होता. एका डोळ्याच्या माणसाला तर माझी सासूपण पाडेल."

"तुझ्या सासूला दोन डोळ्यांचापण पुरणार नाही!"

सगळे हसले. राउशानसुद्धा चहा ओतता ओतता हसली.

"बल्गेरियन तरी खरा ना?"

"चौतीसचा होता रे! गुडघे करकर वाजायचे, तिसऱ्या रांगेत ऐकू यायचे."

"मास्तर, मग आमच्या तेमिरखानचं राहिलं काय?"

मास्तरनं बोट ओरिनबायकडं केलं. "हे राहिलं. हा जखमी नव्हता, म्हातारा नव्हता, झोपेत नव्हता. मॉस्कोवाल्याला लोळवून आलेला. तेमिरखान मोठा का? तर त्यानं ह्याला पाडलं म्हणून. बाकी सगळं सजावट."

चाळीस वर्षांत ओरिनबायला एवढं मोठं कुणी म्हटलं नव्हतं. आणि तो ज्यासाठी आला होता, ते बोललं की हेच मोडणार होतं.

वाफाळतं डोकं आलं. राउशानच्या मोठ्या मुलानं ते त्याच्यापुढं ठेवलं, थोबाड त्याच्याकडं करून. सुरी दिली. काम्काची कोपरखळी बरगडीत बसली.

"कापायच्या आधी," ओरिनबाय म्हणाला, "एक बोलायचंय. तेमिरखान मोठाच होता. पण त्या दिवशी मी मी नव्हतो. नऊ दिवसांत माझे चार किलो काढले होते. पायांत जीव नव्हता. मास्तर, तुझ्या यादीत हेपण लिही."

राउशानच्या हातातली किटली तशीच तिरकी राहिली.

"खरं का, किम आगा?" मास्तरनं विचारलं.

किमनी तोंडातला घास चावून संपवला. घाई नव्हती त्यांना. "खरंय. चार किलो. मीच काढले."

काम्कानं तंबूभर नजर फिरवली. बघा!

"म्हणजे तेवढे किलो असते तर हा जिंकला असता?" मास्तर म्हणाला.

"नाही."

"नाही म्हणजे?"

"तिसऱ्या फेरीत पडला असता. दुसरीऐवजी." किम ओरिनबायकडं वळले. त्यांचा आवाज मऊ होता, त्यामुळं जास्तच लागला. "पोरा, मी बोलणार नव्हतो. पण तू तुझे किलो सांगितलेस, तर मॉस्कोवाल्याची बरगडीपण सांगायला हवी."

"कसली बरगडी?"

"मोडलेली. आठवड्यापूर्वी सरावात मोडली होती त्याची. आम्हाला कळलं होतं. मी कोपऱ्यातून काय ओरडत होतो तुला?"

ओरिनबायला आठवलं. डावीकडं मार. डावीकडं. पुन्हा डावीकडं. तो ते डावपेच समजला होता.

"तू चांगला होतास," किम म्हणाले. "कष्टाळू. आपल्या जिल्ह्यात तुझ्यासारखा नव्हता. अख्ख्या प्रजासत्ताकात दहा होते."

"आणि बाकीच्या सदतीस लढती?" ओरिनबायनं विचारलं. विचारायला नको होतं.

"आपल्या जिल्ह्यात," किम पुन्हा म्हणाले.

मास्तर बोटांवर तेमिरखानचे उरलेले मोठे विजय मोजत राहिला. मग बोटं त्यानं मांडीखाली दाबून टाकली. राउशान किटली खाली ठेवून बाहेर गेली. तिच्या मुलानं बापाच्या तसबिरीकडं पाहिलं आणि मग ओरिनबायकडं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

सुरी अजून हातात होती. पाहुण्यानं डोकं कापल्याशिवाय कुणी मांसाला हात लावणार नव्हतं. त्यानं कापलं. गालाचा तुकडा किमना दिला, मास्तरला दिला, तेमिरखानच्या मुलाला दिला. सगळ्यांनी घेतला, कारण न घेणं वाईट दिसलं असतं. मग हात पसरून आशीर्वाद म्हणायचा होता, तोही त्यानंच. शब्द पाठ होते, ते आपोआप बाहेर आले. आमीन, लोक म्हणाले आणि चेहऱ्यांवरून हात फिरवून उठले. एरवी माणसं जेवणानंतर तासभर रेंगाळतात. त्या दिवशी तंबू भराभर रिकामा झाला.

परतीच्या वाटेवर गाडी तोच चालवत होता. उजवीकडं बाल्काशचं तळं चकाकत होतं. उन्हं अजून बरीच वर होती. काम्का डोक्यावरच्या रुमालाचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत होती. वीस किलोमीटर झाले तरी ती बोलली नाही, आणि काम्का वीस किलोमीटर गप्प बसल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"किम खोटं बोलले," ती शेवटी म्हणाली.

त्यानं गियर बदलला.

"म्हाताऱ्या, म्हण ना. खोटं बोलले म्हण."

"ते खोटं बोलत नाहीत."

"मग मी चाळीस वर्षं लोकांशी कशासाठी भांडले?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. समोरून ट्रक आला, ड्रायव्हरनं त्याला ओळखून हॉर्न वाजवला, हात केला. ओरिनबायनं हात वर केला नाही. काम्कानं खिडकीकडं तोंड फिरवलं, आणि घर येईपर्यंत ती पुन्हा त्याच्याकडं वळली नाही.