चौथं ‘नको’

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. तेवीस वर्षं माझ्याबरोबर संसार करणाऱ्या नीलिमालासुद्धा नाही. दोन देशांच्या सरकारी माणसांची बोलणी माझ्यामुळे फिसकटली होती. आणि त्याला कारण श्रीखंड.

पण मुळात कारण अण्णा. ऐंशी साली मी विट्याच्या एसटी स्टँडवरून निघालो, तेव्हा आई रडत होती आणि अण्णा कानाला ट्रान्झिस्टर लावून बातम्या ऐकत होते. तहसील कचेरीतला कारकून माणूस. सरकारी रेडिओवर पूर्ण विश्वास. “रेडिओवर आलं का? नाही ना? मग ते झालंच नाही,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गाडी सुटताना त्यांनी ट्रान्झिस्टर क्षणभर कानापासून दूर केला आणि म्हणाले, “तिकडून एकदा रेडिओवर ये. म्हणजे तू पोचलास असं मी समजेन.”

वॉशिंग्टनजवळ मला नोकरीही नेमकी रेडिओची लागली. परदेशांसाठी कार्यक्रम करणारं सरकारी केंद्र होतं. माझं काम म्हणजे रेकॉर्डिंगच्या टेप कापायच्या आणि चिकटवायच्या. पहिल्याच आठवड्यात बॉसनं, वॉल्टरनं, घरी जेवायला बोलावलं. शेवटी पाय आला, म्हणजे सफरचंद भरलेला गोड पदार्थ. मी आपल्या रीतीप्रमाणे पहिल्यांदा “नो, थँक यू” म्हटलं, आणि डिश माझ्या नाकासमोरून सरळ शेजाऱ्याकडे गेली. परत आलीच नाही. आधीच्या पदार्थांचंही तेच झालं होतं. अपार्टमेंटवर येऊन मी कोरडा ब्रेड खाल्ला. आपण परदेशात आलो आहोत हे मला त्या रात्री कळलं, विमानतळावर नव्हे.

पाच-सहा वर्षांनी दिल्लीच्या रेडिओखात्याशी बोलणी सुरू झाली. आमचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम त्यांच्या केंद्रांवरून दर रविवारी सकाळी साडेसातला लागणार, त्यांचं संगीत इकडे लागणार, असा बेत होता. त्या अर्ध्या तासातली दहा मिनिटं मराठी, आणि ती वाचणार मी! सह्या व्हायच्या आधीच मी अण्णांना कळवून टाकलं. त्यांनी गल्लीला कळवलं.

दिल्लीहून आलेले मुख्य अधिकारी देवस्थळीसाहेब निघाले आपले मराठी. त्यांना आणि वॉल्टरला मी घरी जेवायला बोलावलं. नीलिमानं चक्क्याऐवजी सावर क्रीमचं श्रीखंड केलं होतं.

“वाढ गं साहेबांना.”

“नको हो वहिनी, पुरे.”

“असं कसं? एवढंसं तर आहे!”

“नको, खरंच नको. अहो, नको म्हणतोय ना!” असं म्हणत साहेबांनी तीन वाट्या संपवल्या.

वॉल्टर डोळे विस्फारून बघत होता. कारपाशी मला म्हणाला, “ही सेड नो. थ्री टाइम्स!”

मी मोठ्या ऐटीत समजावलं, “वॉल्टर, आमच्याकडे पहिले तीन नकार मोजायचेच नसतात.”

दुसऱ्या दिवशी मी नोट्स घ्यायला मीटिंगमध्ये होतो. गाडी एकाच मुद्द्यावर अडली होती. वॉल्टरला अर्ध्या तासात पाच मिनिटं बातम्या हव्या होत्या.

“नो न्यूज,” देवस्थळी म्हणाले.

वॉल्टर गोड हसला. “जस्ट फाइव्ह मिनिट्स.”

“नो.”

“अ लिटल न्यूज?”

“नो!” साहेबांचे कान लाल झाले होते.

वॉल्टरनं माझ्याकडे पाहिलं. तिसरा नकार झाला होता. हे श्रीखंडाचं ‘नको’ नव्हे, हे मला स्वच्छ कळत होतं. मान आडवी हलवायची, एवढंच काम होतं. पण वॉल्टर बातम्यांशिवाय सही करणार नव्हता, आणि मला अण्णांसाठी ती दहा मिनिटं हवी होती. मी मान उभी हलवली.

“देन लेट्स मेक इट टेन,” वॉल्टर म्हणाला. वाटी रिकामी दिसताच दुप्पट वाढावं तसं.

देवस्थळींनी चौथं ‘नो’ म्हटलं आणि फाइल मिटली. कॉरिडॉरमध्ये मला मराठीत विचारलं, “याला हे तुम्ही शिकवलंत का?”

“छे हो, साहेब!”

ते परत गेले. वॉल्टरची बदली झाली. खोके भरताना मला म्हणतो कसा, “आणखी एकदा आग्रह करायला हवा होता, नाही?”

अण्णांना मी लिहिलं, ‘बोलणी चालू आहेत.’ त्यांचं उत्तर आलं: ‘तुझ्यासाठी दोन सरकारं बोलताहेत हे वाचून ऊर भरून आला.’ पुढे कित्येक वर्षं त्यांनी रेडिओखात्याला पत्रं पाठवून उशिराबद्दल जाब विचारला. गुन्हेगार मी, आणि झोडपली जात होती दिल्ली.

इथे मी घर घेतलं, सिटिझन झालो, पायला पहिल्या झटक्यात “येस” म्हणायला शिकलो. तरी घर म्हणजे काय, असं कोणी विचारलं तर सांगेन: जिथे माझं पहिलं ‘नको’ कोणी मनावर घेत नाही.

गेल्या हिवाळ्यात विट्याला गेलो. अण्णांना आता अजिबात ऐकू येत नाही. तरी रविवारी साडेसातला रेडिओ लावून समोर बसतात.

“लागला का रे तुझा कार्यक्रम?”

मी पाटीवर लिहिलं, ‘अजून बोलणी चालू आहेत.’ त्यांनी वाचलं आणि समाधानानं मान हलवली.

म्हणून आता हे मोठ्या अक्षरांत लिहून पाठवतो आहे. अण्णा, बोलणी कधीच संपली, आणि ती मी मोडली. माझ्या आवाजाची दहा मिनिटं मी तुमचं देणं लागतो. ती आता मला देता येणार नाहीत.