आमचं कॉलेज शहर विभागात जातं

आमच्या गावाच्या टोकाला जे कॉलेज आहे त्याचं फाटक महापालिकेच्या हद्दीत आणि मैदान ग्रामपंचायतीच्या. मधून एक नाला जातो. इतकी वर्षं या गोष्टीचा उपयोग एकच होता, कचरा कुणी उचलायचा यावर दोन्हीकडच्या माणसांना भांडता येत असे. मग कॉलेजला मूल्यांकन समितीनं वरची श्रेणी दिली आणि प्राचार्यांना त्या नाल्यात भविष्य दिसू लागलं.

विद्यापीठाच्या खेळांच्या स्पर्धा विभागवार होतात. पुण्यातली कॉलेजं शहर विभागात, बाकीची जिल्हा विभागात. आमचं पहिल्यापासून जिल्ह्यात. आमच्या मुली खो-खो खेळायला जुन्नर, मंचर, राजगुरुनगर अशा बाजूला जायच्या आणि बहुधा जिंकून यायच्या. प्राचार्यांना ते पटेना. एवढी श्रेणी मिळवून आपण अजून जिल्ह्यातच? फाटक तर शहरात आहे! त्यांनी विद्यापीठाकडे अर्ज केला आणि तो मंजूरही झाला.

नात त्याच कॉलेजात, म्हणून पालकसभेला मी गेले होते. मुलगा चाकणला कंपनीत पहिल्या शिफ्टला, सून बँकेत, रिकामी काय ती मी. प्राचार्य म्हणाले, "शहर विभागात गेलो की स्पर्धेच्या भाग्यपत्रिकेवर, म्हणजे सामन्यांच्या ड्रॉवर, आपलं नाव शंभर-शंभर वर्षांच्या कॉलेजांशेजारी छापून येईल. एकाच कागदावर!"

खेळाचे सर मागून उठले. "सर, पण तिथं पहिल्याच फेरीत आपल्या मुली..."

पुढचं टाळ्यांत बुडालं. त्या टाळ्या मी सुरू केल्या होत्या. नुसत्या टाळ्यांवर थांबले असते तरी निभावलं असतं, पण सभेतून निघाले ती थेट फ्लेक्सवाल्याकडे. आमच्या गावात बारशापासून गुडघ्याच्या ऑपरेशनपर्यंत सगळ्याला फ्लेक्स लागतो, मग एवढ्या मोठ्या गोष्टीला नको?

"काकू, मजकूर सांगा," तो म्हणाला.

"आमच्या कॉलेजचा शहर विभागात समावेश झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. खाली शुभेच्छुक म्हणून माझा फोटो."

"गॉगल लावू का?"

"लाव."

दुसऱ्या दिवशी चौकात मी दहा फुटी, गॉगल लावून उभी होते. संध्याकाळी नात घरी आली, चप्पल काढली आणि माझ्याकडे न बघता आत गेली.

आता नातीबद्दल सांगते. ती बी.कॉम. झाली होती. तिच्या आईनं तिला एम.कॉम.चं पहिलं वर्ष खेळासाठी दिलं होतं. एकच वर्ष. त्यानंतर मैदान बंद, नोकरी बघायची. पोरीला हवा होता विद्यापीठाच्या संघाचा टी-शर्ट. दोन वर्षं ती निवड चाचणीपर्यंत जाऊन परत आली होती. जिल्ह्यातले पंच, निवड समितीवाले, सगळे तिला ओळखत. ही पळायला लागली की हातात येत नाही, हे त्यांना माहीत होतं. यंदा नक्की, असं खेळाचे सरही म्हणत होते. आणि नेमकं यंदा कॉलेज शहरात. शहरातल्या मुली सातव्या वर्षापासून मैदानावर असतात. आमचा संघ पहिल्या सामन्यात हरून घरी येणार, मग हिला बघणार कोण?

हे सगळं मला जेवताना कळलं. ती बोलली माझ्याशी नाही, वाटीतल्या आमटीशी. मग तिनं एक फॉर्म टेबलावर ठेवला. चाकणच्या रस्त्याला, गोदामांच्या रांगेमागे एक लहान कॉलेज आहे. पत्र्याचं छप्पर, श्रेणी जेमतेम, पण जिल्हा विभागात. तिथं एम.कॉम.ला प्रवेश घेतला की ही पुन्हा जिल्ह्याकडून खेळू शकणार होती. शनिवार शेवटचा दिवस.

"त्या पत्र्याच्या कॉलेजात?" मी म्हटलं. "लोकांनी विचारलं, नात कुठं शिकते, तर काय सांगू?"

"लोकांसाठी फ्लेक्स लाव ना दुसरा," ती म्हणाली.

मी ताटं उचलायला लागले. कारण हेच वाक्य, लोकांना काय सांगू, मी अठराव्या वर्षी माझ्या आईला म्हटलं होतं. तेव्हा मी शाळेत आमच्या तालुक्याची भारी खेळाडू. खांबावर मुली टिपण्यात माझा हात धरणारी कुणी नव्हती. जवळच्याच कॉलेजच्या खेळाच्या बाई घरी येऊन म्हणाल्या होत्या, आमच्याकडे ये, पहिल्या दिवसापासून संघात घेते. पण मला पाहिजे होतं पुण्याचं दगडी कॉलेज. कमानी, घड्याळाचा मनोरा, वाचनालयात कुजबुजणारी माणसं. तिथं मला प्रवेश मिळाला, संघातही घेतलं. बारा जणींत बारावी. खेळतात नऊ. तीन वर्षांत मी एकाही सामन्यात मैदानावर उतरले नाही. पाण्याचा तांब्या भरणे, ओढण्या सांभाळणे आणि "चल, चल, चल!" असं ओरडणे एवढंच माझं खेळणं. आवाज मात्र कमावला, तो अजून सासूपणाला उपयोगी पडतो.

पण गावात हे कुणाला सांगायचं? मी शहाणी अशी की सामन्याच्या दिवशी बसमधून एक थांबा आधी उतरायचे. रस्त्याच्या कडेची माती दोन्ही गुडघ्यांना, कोपरांना चोळायची, वेणी थोडी सोडायची आणि लंगडत घराकडे निघायची. आई हळद लावायची. शेजारणी म्हणायच्या, पोरगी शहरातल्या पोरींना भारी पडते हो. लग्न ठरलं तेही याच कीर्तीवर. मुलाला, सुनेला, नातीला, सगळ्यांना एवढंच माहीत की आजी दगडी कॉलेजकडून खेळायची.

नातीचा तो फॉर्म दोन दिवस टेबलावर पडून होता. ती भरत नव्हती आणि फाडतही नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी ती ओट्याशी चहा करत होती, आमचे हे पाटावर बसून लसूण सोलत होते, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. तांब्या, ओढण्या, माती, लंगडणं. शेवटी म्हटलं, "म्हणून सांगते, भर तो फॉर्म. कमानीखाली बसून कुणी खेळाडू होत नाही. मी बसून बघितलंय."

चहा उतू गेला. नात हसत सुटली ती थांबेचना. "आज्जे, गुडघ्याला माती? खरंच? लंगडायचीस पण?"

"दोन्ही पायांनी आळीपाळीनं," मी म्हटलं. "कुठला दुखतोय ते लक्षात राहायचं नाही."

ह्यांनी मान वर केली नाही. लसूण सोलता सोलताच म्हणाले, "मला म्हाईत व्हतं."

"काय माहीत होतं?"

"मातीचं. त्या थांब्यासमोर पानाची टपरी व्हती न्हवं? मी तितंच बसायचो. आमी सगळी पोरं बघायचो. एकदा तर तू माती लावून झाल्यावर चुकून दुसऱ्या गावाकडं लंगडत निघालीस."

"आणि तरी लग्न केलंत?"

"म्हटलं, पोरगी कष्टाळू हाय."

त्या दिवशी त्यांना भाजीत मीठ जास्त मिळालं.

माझा हिशोब असा की एवढी अब्रू गेलीच आहे तर निदान पोरगी शहाणी होईल आणि सकाळी फॉर्म भरेल. सकाळी बघते तर फॉर्मच्या पाठीवर किराण्याची यादी! साबण, पोहे, शेंगदाणे.

"अगं, हे काय?"

"तू बसलीस, आज्जे," ती केस बांधत म्हणाली. "ती तुझी गोष्ट. मी नवांत आहे. पहिल्याच सामन्यात हरायचं तर हरू. पण माझा डाव तर मला खेळायला मिळेल ना? तेवढ्यात काय ते दाखवते."

"आणि कुणी बघितलंच नाही तर?"

"तू ये ना ओरडायला."

माझ्या कबुलीतून तिनं नेमका उलटा धडा घेतला होता. सांगायचं कशाला मग माणसानं काही?

सामन्याच्या दिवशी खेळाचे सर, मी आणि बारा मुली बसनं पुण्याला गेलो. भाग्यपत्रिका मैदानाच्या भिंतीवर चिकटवली होती. प्राचार्यांनी म्हटल्याप्रमाणे आमचं नाव खरोखरच शंभर वर्षांच्या कॉलेजाशेजारी छापलं होतं. प्राचार्य आपल्या गाडीनं आले, त्यांनी त्या कागदाचा फोटो काढला आणि मीटिंग आहे म्हणून ते गेले. समोरच्या मुली बघून मला घाम फुटला. एकसारखे बूट, एकसारख्या वेण्या, गमतीत पळाल्या तरी वारा यावा अशा.

आम्ही हरलो. चांगलेच हरलो. आमच्या मुली एकामागून एक बाद होऊन येऊन बसत होत्या. पण दुसऱ्या डावात नात संरक्षणाला उतरली आणि काय झालं मला नीट सांगता येणार नाही, कारण मी ओरडत होते. ती खांबाशी गेली की वाटायचं, गेली. तर ती पलीकडून निघालेली. पाठलागाची मुलगी सूर मारायची आणि हातात हवा यायची. एक मिनिट झालं. दोन झाली. शेजारच्या मैदानावरचे लोक इकडं येऊन उभे राहिले. तिसऱ्या मिनिटाला कुठं ती बाद झाली, आणि जिनं बाद केलं तिनंच हात देऊन उठवलं.

निवड समितीतल्या एक बाई वही घेऊन माझ्याजवळ आल्या. "ही मुलगी तुमची?"

"नात."

"आधी कुठं होती?"

"जिल्ह्यात."

"तिथले लोक म्हणत होते खरं," बाई म्हणाल्या. "आम्ही म्हटलं, तिथं काय, कुणीही पळेल."

मला खूप काही बोलायचं होतं, पण हातात वही असलेल्या माणसाशी मी भांडत नाही.

निवड चाचणी पुढच्या आठवड्यात झाली. त्या दिवशी नातीनं मला घरीच ठेवलं, माझ्या ओरडण्यानं तिचं लक्ष जातं म्हणून. दुपारी फोन आला. बारा जणींच्या यादीत ती सातवी. "खेळणाऱ्यांत आहे, आज्जे," एवढंच म्हणाली आणि नाक ओढलं. मी फोन ह्यांच्याकडे दिला, कारण माझाही आवाज बसला होता, घरी बसूनसुद्धा.

सराव रोज सकाळी सहाला, पुण्यात. पहिली बस तोपर्यंत पोचत नाही. मुलाची शिफ्ट, सुनेचा डबा. सगळे एकमेकांकडे बघत असताना हे म्हणाले, "मी सोडतो की. गाडी कशाला ठेवलीय?"

पहिल्या दिवशी पाचच्या आधीच मी साडी नेसून, वेणी घालून फाटकाशी तयार. नात विद्यापीठाचा टी-शर्ट घालून स्कूटरवर मागे बसली. तो तिला दोन मापं मोठा होता.

"मी पण येते," मी म्हटलं. "सरक जरा."

"व्हय, आनि बसनार कुटं? माज्या डोस्क्यावर?" ह्यांनी किक मारली.

"आज्जे, तिघं बसत नाहीत," नात म्हणाली. "पोलीस पकडेल."

"मी ओरडून वाट काढीन."

स्कूटर निघाली. मी थोडा वेळ तिथंच उभी राहिले, मग आत आले आणि ह्यांचा ओट्यावर राहिलेला अर्धा कप चहा पिऊन टाकला.